सागाची खुंटतोड आटोपत आली. पावसाळ्याआधी काय काय करून ठेवावं?

मुरमाड_धुरा (काटोल तालुका)

नमस्कार मंडळी. वावराच्या शेवटच्या मुरमाड तुकड्यात सागवान आहे. २ बाय २ मीटरवर लावलेलं, वय १२ वर्षं. मूळं न खणता खुंट राखून तोड चालू आहे, म्हणजे पुढचं पीक खुंटाच्या फुटव्यांवर घ्यायचं. परवानगी घेतलेली आहे, झाडांवर नंबर पडलेले आहेत. ३१० झाडं तोडून झाली, ७० उभी आहेत. मार्चचा पहिला आठवडा संपत आला.

अडचणी अशा:

राहिलेली ७० झाडं कधीपर्यंत तोडता येतील? मजूर मिळाले तर एप्रिलातही तोडायची तयारी आहे, पण फुटव्यावर परिणाम होतो का?

तोड कुऱ्हाडीनं झाली. बरेच खुंट गुडघ्याला लागतील इतके उंच राहिलेत, काहींचा माथा चिरलाय, काहींची साल एका बाजूनं सोलून निघालीय. हे खुंट आता पुन्हा कापावेत की असेच राहू द्यावेत?

झिलपे (तोडीतले लाकडाचे तुकडे), फांद्या, पाला सगळा खुंटांवरच पडलेला आहे. जागीच पेटवून द्यावा असं मजूर म्हणतात.

आमच्याकडं संत्र्याची बाग आहे, त्यामुळं बोर्डो मलम घरात असतं. खुंटांना लावावं का? पाणी द्यावं का?

नाल्याकडच्या बाजूला सुबाभळीची एक ओळ आहे आणि धुऱ्यावर (बांधावर) गिरिपुष्प आहे, त्यांचंही याच वेळी उरकावं म्हणतो.

---

खुंट_आणि_कोंब

मुरमाड_धुरा भाऊ, एकेक घेतो.

आधी उभ्या ७० झाडांचं. साग पानगळीत असतो तेव्हा त्याचा सगळा साठा मुळात आणि बुडात असतो, त्या जोरावरच खुंट फुटतो. म्हणून तोड थंडीत सुरू करून ३१ मार्चच्या आत संपवायची. एप्रिलात आपल्याकडं पारा ४२-४३ वर जातो. ताज्या कापाची साल त्या उन्हात वाळते, आकसते आणि लाकडापासून सुटते. फुटवा सालीच्या आतल्या अंगाला दडलेल्या डोळ्यातून येतो. साल सुटली की डोळा मेला. पावसाळ्यात तोडलं तर खुंट फुटतो, पण फुटव्याला थंडीआधी लाकूड धरायला वेळ मिळत नाही.

तीन आठवड्यांत ७० झाडं नीट पडत असतील तर पाडा. नसतील तर घाई करू नका, पुढच्या डिसेंबरावर ठेवा. फक्त एक बघा, राहणारी झाडं विखुरलेली नकोत. मधूनमधून उभी राहिली तर त्यांच्या सावलीत शेजारचा फुटवा वाकडा आणि बारीक होतो, सागाला वरून सरळ ऊन लागतं. वर पुढच्या वर्षी ती पाडताना खालचे फुटवे चेंगरणार. म्हणून यंदा विखुरलेली आधी काढा आणि एका कडेची सलग पट्टी शिल्लक ठेवा.

आता खुंट. माझ्या मते हंगामाचं खरं काम इथं आहे आणि नेमकं तेच राहून जातं. गुडघाभर उंच खुंट माथ्याजवळ फुटतो. असा फुटवा वाऱ्यानं बुडातून उखडतो, आणि उखडला नाही तरी खुंट वरून कुजत येतो ती कूज त्याच्या बुंध्यात उतरते. जमिनीलगत फुटलेला फुटवा स्वतःच्या बुडानं जाड होतो, मातीत टेकतो. म्हणून खुंट चार ते आठ बोटं, म्हणजे साधारण ७ ते १५ सेंटिमीटर, यापेक्षा उंच नको.

पुन्हा कापताना आधी खुंटाच्या बुडाची माती, दगड, पाला हातानं बाजूला करा. करवतीनं पलीकडच्या बाजूनं दोन बोटं खोल काप घ्या, मग अलीकडून कापत या. एकाच बाजूनं कापत नेलं तर शेवटी खुंटाचा तुकडा खाली झुकतो आणि सालीची पट्टी थेट जमिनीपर्यंत ओढून नेतो. तुमच्या सोललेल्या खुंटांचं कारण बहुतेक हेच. काप एका बाजूला उतरता ठेवा, माथ्यावर पाणी थांबायला नको. मधे खोलगट वाटी राहिली तर पहिल्याच पावसात भरते आणि खुंट आतून कुजायला लागतो.

साल जिवंत आहे का ते नखानं बघा. कडेची साल जरा खरवडली की आत हिरवट ओलसर रेघ दिसली पाहिजे. तपकिरी, कोरडी दिसली किंवा अंगठ्यानं दाबल्यावर साल हलली तर तिथून खाली कापा, हिरवी रेघ सलग मिळेपर्यंत. चीर जमिनीत उतरली असेल तर तिच्या मागं लागू नका. जमिनीलगत सपाट करा आणि सोडा. ज्या बाजूची साल धड आहे त्या बाजूनं तो फुटेल.

बोर्डो मलमाची सागाच्या खुंटाला गरज नाही. संत्र्याच्या खोडाला डिंक्या रोगासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी हे आपण लावतो, ते काम वेगळं. शिल्लक असेल आणि लावायचंच असेल तर फक्त कापाच्या माथ्यावर. सालीच्या कडेवर जाड थर देऊ नका. डांबर, जळकं ऑइल तर अजिबात नको.

पाणीही देऊ नका. खाली १२ वर्षांचं मूळ आहे, त्याला तुमच्या नळीची वाट बघावी लागत नाही. उन्हाळ्यात ओल मिळाली की कोंब लवकर उठतात आणि मेच्या झळेत करपतात. पाण्याविनाही काही खुंट एप्रिल-मेत फुटतील, त्यांना हात लावू नका.

---

जाळरेषा

झिलप्यांबद्दल. जागीच पेटवू नका. खुंटावरचा ढीग जळाला की बुडाची साल शिजते, वरून नुसती काळी दिसते पण आतली हिरवी रेघ गेलेली असते. त्या तोडीचं पुढचं पीक तिथंच संपतं.

ढीग हलवणं हेच पहिलं काम. प्रत्येक खुंटाभोवती हातभर, शक्यतो मीटरभर जागा मोकळी करा. मनगटाएवढं आणि त्याहून जाड ते जळतणात काढा. बारीक फांद्या आणि पाला दोन ओळींच्या मधे लांबट ओळीत रचा, ओळ उतारावर आडवी ठेवा. मुरमाड रानात पावसाची माती तिथं अडते. सागाचं पान मोठं आणि चिवट, कुजायला वेळ घेतं, पण पुढच्या पावसाळ्यानंतर ओळ बसलेली दिसेल. सगळ्या ओळी एकमेकींना जोडू नका. १५-२० मीटरवर बंडी (बैलगाडी) जाईल एवढा खंड ठेवा, एका ओळीची आग दुसरीत जात नाही.

कडेनं ३ मीटर रुंद पट्टा झाडून, खरडून मुरूम दिसेपर्यंत मोकळा करा. वन विभाग आपल्याकडं आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतो, म्हणजे तो सुरू झालेला आहे. धोका जंगलातून येतो तसाच शेजारच्या वावरातूनही येतो. एप्रिल-मेत धुरे पेटवतात, पऱ्हाट्या (कापसाची वाळली झाडं) पेटवतात, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवा आणि त्याच्या बाजूचा पट्टा आधी काढा. पट्टा एकदा काढून भागत नाही. वाऱ्यानं पाला परत येऊन बसतो, दर पंधरा दिवसांनी झाडावा लागतो.

कुंपणाचा विचारही आत्ताच करा, जूनमध्ये वेळ मिळणार नाही. सागाचा पाला ढोरं-बकऱ्या फारसा खात नाहीत, त्यामुळं लोक कुंपण सोडून देतात. पण नवा फुटवा खुंटाला नुसत्या सालीनं चिकटलेला असतो. ढोर घासून गेलं की तो बुडातून निघून येतो, आणि बरोबर डोळे असलेली सालही नेतो. सागाच्या फांद्यांचं आडवं कुंपण पुरत नाही, त्याला काटा नाही. त्यावर बोरीच्या, बाभळीच्या काट्या दाबून टाका. रोही (नीलगाय) असेल तर काट्यांचं कुंपण पाच फुटांच्या खाली ठेवू नका. सुबाभळीला मात्र चांगलं कुंपण हवंच, ती सगळेच खातात.

---

मालकी_प्रकरण

खुंट_आणि_कोंब यांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण खुंट पुन्हा कापण्याआधी थांबा.

साग महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहे. मोह, ऐन, बिजा, तिवस, हळदू, आंबा, चिंच हीही त्यात येतात. मालकीच्या, म्हणजे खाजगी जमिनीवरच्या तोडीत झाडाला नंबर पडतो तसा बुडाजवळ हातोड्याचा ठसा मारलेला असतो. तोडीनंतर तपासणीला येणारे खुंटावरचा ठसा आणि लाकडावरचा नंबर जुळवतात. तुम्ही गुडघाभर खुंट आठ बोटांवर आणला आणि ठसा त्या कापलेल्या तुकड्यात गेला, तर खुंट कोणत्या झाडाचा हे दाखवायला काही राहत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी वनरक्षकाला कळवून ३१० खुंटांची तपासणी मागा, तीही लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन. तपासणी झाली की मग खुंट खाली घ्या. ठसा अगदी जमिनीलगत असेल आणि काप त्याच्या वरून जात असेल तर अडचण नाही. अर्ज आजच द्या, म्हणजे मार्च संपायच्या आत दोन्ही कामं बसतील.

परवानगीची मुदत बघा. मुदत संपल्यावर पडलेलं एक झाडही विनापरवाना ठरतं. ७० पुढच्या हिवाळ्यावर ठेवायची असतील तर मुदतवाढ की नवा अर्ज, हे मुदत संपायच्या आधी विचारा.

लाकूड वाहतूक परवान्याशिवाय वावराबाहेर काढू नका, आरागिरणीवर चिरायलासुद्धा नाही. तोपर्यंत एका झाडाचे सगळे नग एकत्र ठेवा आणि प्रत्येक नगाच्या कापावर झाडाचा नंबर खडूनं नको, रंगानं लिहा. खडू एका अवकाळी पावसात जातो.

---

मुरमाड_धुरा

ठशाचं खरंच लक्षात नव्हतं. बघून आलो, बहुतेक ठसे जमिनीपासून वीतभराच्या आत आहेत, ४०-५० खुंटांवर वर आहेत. अर्ज उद्या देतो.

आणखी दोन गोष्टी. खुंट खाली घ्यायला पेट्रोलची करवत आणली आहे, पण चार-पाच खुंटांत चेन बोथट होते. आणि फुटवे आल्यावर किती ठेवायचे, कधी काढायचे?

---

कानस

चेन बोथट होते ती लाकडामुळं नाही, मातीमुळं. जमिनीलगतच्या सालीत पावसाच्या शिंतोड्यांनी वाळू बसलेली असते. तारेच्या ब्रशनं खुंटाची साल सगळीकडून घासा, मग कापा. पातं एकदा मुरमाला टेकलं की ती चेन गेली समजा, तसंच रेटत राहिलात तर काप तिरका जातो आणि भुशाऐवजी पीठ पडतं. पीठ दिसलं की थांबायचं.

कानस चेनच्या मापाची हवी. लहान करवतींना येणाऱ्या ३/८ लो-प्रोफाइल चेनला ४ मिमी, .३२५ ला ४.८ मिमी. टाकी संपली की प्रत्येक दाताला दोन-तीन हात, आतून बाहेर, सगळ्या दातांना सारखे. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर करवत त्या बाजूला ओढते. जमिनीलगत कापताना पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागू देऊ नका, करवत उसळून अंगावर येते. गुडघे टेकवून, पातं आडवं धरून, दोन्ही हातांनी.

काम संपल्यावर उरलेलं पेट्रोल काढा आणि करवत बंद पडेपर्यंत चालवा. तेल मिसळलेलं पेट्रोल चार महिने आत राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. पात्याची खाच साफ करा, तेलाचं भोक तारेनं मोकळं करा, पातं उलटं करून बसवा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. चेन तेलात बुडवून ठेवा.

---

खुंट_आणि_कोंब

मालकी_प्रकरण यांचं मान्य, ठशाची गोष्ट मी आधी सांगायला हवी होती. उंच ठशाचे ४०-५० खुंट तपासणीपर्यंत तसेच ठेवा, बाकीच्यांवर काप ठशाच्या वरून घ्या.

फुटव्यांचं. मृगाचा पाऊस लागला की एकेका खुंटाला दहा-पंधरा, कधी वीसही फुटवे येतात. पहिल्या पावसाळ्यात एकही काढू नका. लवकर काढले की खुंट पुन्हा नवे कोंब काढतो, आणि निवडून ठेवलेला एकटा फुटवा वाऱ्यात उघडा पडतो. दाटीत ते एकमेकांना धरून उभे राहतात. चांगल्या खुंटाचा फुटवा पहिल्याच वर्षी दोन-तीन मीटर जातो, पण पान भलं मोठं आणि बूड कोवळं, म्हणून वाऱ्याला जड.

पहिली विरळणी पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या पुढंमागं. खुंटामागं दोन-तीन ठेवा. निवडताना जाडीच्या आधी जागा बघा. पहिला मान जमिनीलगत किंवा मातीतून निघालेल्या फुटव्याला. त्यानंतर पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूच्या फुटव्याला, कारण आपल्याकडं पावसाळी वारा तिकडून येतो. त्या बाजूचा फुटवा वाऱ्यानं खुंटावर दाबला जातो, उलट बाजूचा खुंटापासून फाकतो. माथ्याच्या कडेला बसलेला कितीही जोमदार दिसो, तो काढायचा. बाकीचे धारदार विळ्यानं किंवा कात्रीनं बुडाशी सपाट कापा. हातानं ओढून काढले की साल सोलते आणि राखलेल्या फुटव्याचं बूड उघडं पडतं.

दुसरी विरळणी त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, तेव्हा एकच ठेवायचा. अगदी जाड, दोन बाजूंनी फुटलेला खुंट असेल तर समोरासमोरचे दोन चालतात. बल्ल्या (बारीक गोल खांब) हव्या असतील तर तीन ठेवून बारीक माल घेण्याचा मोह होतो, पण २ बाय २ वर तिघांना ऊन पुरत नाही.

पावसाळ्यात अळी पानं खाईल. जून ते ऑगस्टमधली अळी पान सरसकट फस्त करते, ऑगस्टनंतरची पानाची जाळी करते, शिरा तेवढ्या राहतात. रान उजाड दिसतं, पण फवारणी करू नका, पानं पुन्हा येतात.

जे खुंट पोळ्यापर्यंत फुटले नाहीत ते मेले समजा. एकटा-दुकटा खुंट मेला असेल तर त्या जागी काही लावू नका, शेजारचे फुटवे नव्या रोपाला उठू देत नाहीत. सलग चार-पाच मेले असतील तर पुढच्या जूनमध्ये सागजडी लावा. अंगठ्याएवढी जाड, वीतभर मूळ आणि वर दोन-तीन सेंटिमीटर खोड ठेवलेली. सबलीनं भोक पाडून उभी घाला, माती बुडापासून दाबत या, खाली पोकळी राहिली तर ती वाळते.

---

बल्ली_फाटा

मालाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. १२ वर्षांच्या सागात बाहेरचा पांढरा भाग जास्त आणि आतला पिवळसर-तपकिरी भाग थोडा असतो. सागाला उधळी लागत नाही हा समज त्या आतल्या भागापुरता खरा आहे. पांढऱ्या भागाला उधळीही लागते, घुणही. म्हणून या बल्ल्या कुंपणाचे खांब म्हणून जमिनीत गाडू नका. छपराला, मांडवाला, संत्र्याच्या टेकूला वापरा.

साल ओली असतानाच सोला. वाळल्यावर निघत नाही आणि सालीखालीच घुण अंडी घालतो. बल्ल्या सावलीत, विटांवर वीत-दीड वीत उंच, एक थर उभा एक थर आडवा, असं रचा. कापलेल्या टोकांना उरलेला ऑइलपेंट किंवा शेण-मातीचा जाड हात द्या, नाहीतर मेच्या उन्हात टोकं ताऱ्यासारखी फाटत आत जातात. आणि माल बाहेर काढताना बंडी खुंटांवरून नेऊ नका. एकच वाट ठरवा, वाटेतले खुंट दोन्हीकडून दगड लावून दाखवून द्या. ताज्या कापलेल्या खुंटावरून चाक गेलं तर साल चारी बाजूंनी सुटते.

---

जाळरेषा

सुबाभूळ आणि गिरिपुष्प राहिलं. दोन्ही आत्ता एकदम नको.

सुबाभळीच्या शेंगा वाळून फुटायच्या आधी तोड हवी, नाहीतर नाल्याच्या पाण्याबरोबर बी खालच्या वावरापर्यंत जाऊन सगळीकडं उगवतं. तुमच्याकडं शेंगा तपकिरी झाल्या असतील तर आजच घ्या. खुंट लाकडासाठी हवा तर आठ बोटांवर, चाऱ्यासाठी हवा तर कमरेएवढा, ७५ सेंटिमीटर ते १ मीटर. ती पाण्याची वाट न बघता फुटेल, आणि एप्रिल-मेत गावात हिरवं काही नसताना त्या कोवळ्या पाल्यावर सगळी ढोरं येतील, म्हणून काट्या आधी आणि तोड नंतर. पाला गाई-म्हशी-बकऱ्यांना एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच द्या. त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, जास्त झालं की केस गळतात. घोडा-गाढवाला अजिबात नको.

गिरिपुष्पाला आत्ता हात लावू नका. त्याचा उपयोग हिरवळीच्या खताचा, तर पाला मातीत जायला ओल पाहिजे. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर मीटरभर उंचीवर छाटा, पाला-कोवळ्या काड्या वखराच्या पाळीत दाबा, जाड काड्या धुऱ्यावर खोचा. दोन महिन्यांत पुन्हा छाटणीला येतं, तो दुसरा पाला संत्र्याच्या आळ्यात आच्छादनाला चालतो.

---

मुरमाड_धुरा

अर्ज देऊन पोच घेतली. सुबाभळीच्या खालच्या शेंगा तपकिरी झाल्यात, तिला उद्यापासून लावतो, काट्या आज आणल्या. ७० पैकी २२ झाडं मधेमधे विखुरलेली निघाली, ती मार्चात काढतो. उरलेली ४८ नाल्याकडच्या कडेला सलग आहेत, ती पुढच्या हिवाळ्याला. मुदतवाढीचं तपासणीला येणाऱ्यांना विचारतो. एकच शंका: पडणारी २२ झाडं आधी कापलेल्या खुंटांवर आदळतील, त्याला काय करावं?

---

खुंट_आणि_कोंब

दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात पाडा, जिथं झिलप्यांची ओळ घालणार आहात तिथं. वरच्या फांद्या आधी उतरवून घ्या आणि दोर बांधून दिशा द्या. पडायच्या बाजूला बुंध्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी खाच, मागचा काप खाचेपेक्षा दोन बोटं वर, मधे बिजागरीसारखी पट्टी शिल्लक ठेवा. ती पट्टी पूर्ण कापली तर झाड वाटेल तिकडं जातं. पाडताना खुंट थोडा उंच राहिला तरी चालेल, तपासणी झाल्यावर करवतीनं खाली आणता येतो. आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या खुंटांवर सालीच्या, पाल्याच्या दोन-दोन मोळ्या आडव्या टाकून ठेवा. झाड घसरलं तरी मार मोळीवर बसेल. काम झालं की त्याच दिवशी मोळ्या उचला.